अल्मा स्ट्रीटवरचं सोमवारचं धुणं

अर्नी ओल्डरॉइडला समोरच्या घरी जायचं होतं. मागणं एवढंच होतं, आणि तेवढ्यासाठी त्याच्या बायकोला अख्ख्या थॉर्नशॉ शहराशी भांडावं लागलं.

समोरचं घर म्हणजे काही परगाव नव्हे. अल्मा स्ट्रीट इतकी चिंचोळी, की थेल्मानं आपल्या स्वयंपाकघरात अर्नीवर आवाज चढवला तर समोर ऑस्बर्ट लिबर्ड आपोआप सावरून बसायचा. पण अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून अर्नी चालायचा तो वॉकर पुढे ढकलत, थांबत, दम खात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या एकमेकींना खेटून उभ्या, निम्मी चाकं फुटपाथवर चढवलेली. त्यातून मांजर गेलं असतं, वॉकर नाही. मधे जी पट्टी उरायची तिच्यातून हमरस्त्यावरचा सिग्नल चुकवणारे लोक सुसाट निघायचे. ते आमच्या गल्लीत राहत नव्हते, आमच्या गल्लीत त्यांचं काही काम नव्हतं, आणि म्हाताऱ्या माणसासाठी ब्रेकवर पाय ठेवायला त्यांना वेळ नव्हता.

ऑस्बर्टनं यावं म्हटलं, तर त्याचा एक पाय साखरेच्या दुखण्यात गेलेला. दोघांनी शिवणकामाच्या कारखान्यात एका मजल्यावर जन्म काढला होता. सेंट किट्स बेटावरून आलेला ऑस्बर्ट कापड बेतायचा आणि यॉर्कशरमधून पाऊल बाहेर न टाकलेला अर्नी कोटांना इस्त्री मारायचा. शनिवारी संध्याकाळी ऑस्बर्टच्या टेबलावर डॉमिनोचा डाव. सोंगटी नुसती ठेवायची नाही, आपटायची, हा ऑस्बर्टचा नियम, आणि शेजाऱ्यांनी भिंत ठोकेपर्यंत ते आपटत बसायचे. आता दोघं आपापल्या खिडकीत बसून एकमेकांना हात करायचे.

"खुर्चीत घालून नेते की तुला," थेल्मा म्हणायची.

"मी काय सामान आहे, ढकलत न्यायला?" अर्नीचं ठरलेलं उत्तर. झटक्यानं त्याची जीभ थोडी जड झाली होती, हट्ट मात्र हलका झाला नव्हता. "त्याच्या दारात जाईन तर पायांनी जाईन."

ऑगस्टमध्ये ऑस्बर्टची मुलगी बर्मिंगहॅमहून आली आणि तिनं ठरवून टाकलं, की बापाला आता एकटं ठेवायचं नाही. घर विकलं. सप्टेंबर संपता संपता तो जाणार. त्या रात्री अर्नी जेवला नाही, आणि थेल्मानं कारण विचारलं नाही. ऐंशीला टेकलेल्या बाईला नवऱ्याचं न जेवणं कळतं.

त्याच आठवड्यात तिला वाचनालयाच्या दारावर ते भित्तिपत्रक दिसलं. नगरपालिका अनुदान देत होती. गल्लीतल्या लोकांनी एक रविवार रस्ता गाड्यांना बंद करायचा, पायी हिंडायचं, सायकली चालवायच्या, मुलांना खेळू द्यायचं. आडव्या लावायच्या पाट्या, विमा, सगळ्याचा खर्च नगरपालिकेचा. चालणं आणि सायकल, या दोन्हींना मिळून नगरपालिका 'सक्रिय प्रवास' म्हणत होती. माणूस पायानं चालतो याला एवढं भारदस्त नाव लागतं हे आम्हाला तेव्हा कळलं.

वाचनालयात अर्ज भरून घ्यायला जेमा प्रिचर्ड नावाची मुलगी बसायची. स्वभावानं चांगली, रोज सायकलनं येणारी, हेल्मेटनं केस चपटे झालेली.

"रस्ता बंद करून तुम्ही काय उपक्रम घेणार, मिसेस ओल्डरॉइड?" तिनं विचारलं.

"अर्नी समोर जाणार."

"बरं. आणि?"

"आणि काय? मग चहा घेईल."

जेमा हसली, पण बोटं संगणकावर तशीच थांबलेली. "म्हणजे बघा, लोकांनी गाडी सोडून चालावं, असा हेतू आहे. तुमच्या उपक्रमामुळे किती लोक गाडी सोडतील?"

"अर्नीनं जन्मात गाडी घेतली नाही. पण दोन वर्षांत पहिल्यांदा तो घरातून स्वतःच्या पायांनी कुठेतरी जाईल. याहून सक्रिय काय हवंय गं तुम्हाला? नाचवू का त्याला?"

जेमानं काहीतरी लिहिलं. मग पुढचा प्रश्न आला. "तुमचा रस्ता याआधी कधी रहदारीला बंद झाला होता का?"

"हो तर," थेल्मा अभिमानानं म्हणाली. "दर सोमवारी."

"कुणाच्या परवानगीनं?"

"परवानगी? धुणं वाळत घालायला?"

इथं तिनं नाही म्हणून टाकलं असतं तर ही गोष्ट दुसरीकडे गेली असती. पण थेल्माच काय, आमच्या गल्लीतली कुठलीही जुनी बाई सोमवारच्या धुण्याबद्दल खोटं बोलली नसती. आमच्या घरांना परसदार नाही. मागची भिंत ती मागच्या घराचीही भिंत, म्हणजे जे काही उघडायचं ते रस्त्यावर उघडणार. म्हणून धुणं रस्त्यावर. सोमवारी सकाळी या घराच्या भिंतीतल्या लोखंडी आकड्यापासून समोरच्या भिंतीतल्या आकड्यापर्यंत दोऱ्या ताणल्या जायच्या, मधे उंच काठीचा टेकू, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळीत काढलेल्या चादरी. कोळसेवाला, दूधवाला, कर्ज वसूल करणारा, सगळे सोमवारी कोपऱ्यावरून परत जायचे. दुसऱ्याच्या धुण्याला हात लावायचा नाही, हा कायदा. एकच सूट होती. पाऊस आला तर जो जवळ असेल त्यानं दिसेल ते धुणं काढायचं, मग ते वैरिणीचं का असेना. पावसात धुणं बाहेर राहिलं तर त्या बाईचं नाव महिनाभर गल्लीच्या तोंडी असायचं.

आणि दोरी बांधायची तर समोरच्या घराचा आकडा लागतो. ते समोरच्याच्या मर्जीवर.

ऑस्बर्ट आणि त्याची बायको आयोनी समोर राहायला आली त्या वर्षी थेल्माचं नुकतंच लग्न झालं होतं. पहिल्या सोमवारी आयोनी ओल्या धुण्याची टोपली आणि दोरीचं वेटोळं घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आणि गल्लीतल्या साऱ्या खिडक्या पटापट लागल्या. काळ्या बाईची दोरी कुणालाच आपल्या भिंतीवर नको होती. कोपऱ्यावरच्या बेसी सग्डननं तर खिडकी लावण्याचीही तसदी घेतली नाही. "आमचा आकडा आमच्यापुरता आहे," तिनं वरूनच सुनावलं.

थेल्मानं खिडकी उघडली आणि हात बाहेर काढला. "टाक इकडे दोरी."

"अगं, शेजारीपाजारी काय म्हणतील?" मागून सासू म्हणाली.

"काय म्हणतील ते इथूनच ऐकते. खिडकी उघडीच आहे."

त्या दिवसापासून थेल्माच्या भिंतीपासून आयोनीच्या भिंतीपर्यंत दोरी होती, ती वाळवणयंत्रं आणि मोटारी येईपर्यंत. दोघींनी एकमेकींचं धुणं पावसातून किती वेळा वाचवलं याची गणती नव्हती. आयोनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आकडे दोन्ही भिंतींत तसेच होते, रंगाच्या थरांखाली.

सप्टेंबरच्या मध्यावर जेमा स्वतः घरी आली. सायकल खिडकीखाली टेकवली, चहा घेतला, पण समोर ठेवलेल्या पार्किनला, म्हणजे थेल्माच्या हातच्या आल्याच्या केकला, हात लावला नाही. वाईट बातमी आणणारी माणसं काही खात नाहीत.

"मंजूर नाही झालं," ती म्हणाली. "तुमच्या रस्त्यावर याआधी विनापरवाना बंदी झालीय असं अर्जात आलं ना. अशा रस्त्याला वरचे साहेब अनुदान देत नाहीत. शिवाय गल्लीतून एक हरकत आली."

"म्हणजे मी खोटं बोलले असते तर मिळालं असतं."

जेमानं कप खाली ठेवला. "मी तसं म्हणणार नाही."

"म्हणू नकोस. कुणाला मिळालं मग?"

"बीच अ‍ॅव्हेन्यूला."

बीच अ‍ॅव्हेन्यूवर प्रत्येक घराला बाग आहे आणि प्रत्येक बागेला गॅरेज आहे. तिथला रस्ता एरवीही इतका रिकामा असतो, की कुत्री मधोमध झोपतात. तिथले लोक अनुदानातून पायडल मारून फळांचा रस काढणारं यंत्र भाड्यानं आणणार होते. ज्यांच्या रस्त्यावर गाड्यांची अडचणच नाही त्यांना गाडीविना दिवस मिळाला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा, आमच्या गल्लीत जे म्हणाले ते छापण्यासारखं नाही.

"वसंतात पुन्हा अर्ज मागवतील," जेमा म्हणाली. "मी तुम्हाला मदत करीन."

"वसंतात ऑस्बर्ट बर्मिंगहॅमला असेल, पोरी," थेल्मा म्हणाली, आणि पार्किन कागदात गुंडाळून तिच्या हातात कोंबलं. "खा वाटेत. तुझा राग नाही मला."

राग ज्याचा होता त्याच्याकडे ती तडक गेली. केव सग्डन, बेसीचा नातू, पन्नाशीचा प्लंबर, कोपऱ्यावरच्या आजीच्याच घरात राहणारा. पांढरी व्हॅन दारात, आणि व्हॅनखालून केवचे पाय बाहेर आलेले.

"हरकत तू घेतलीस?"

पाय थबकले. "मावशी, माझं ऐक तर. दिवसभर रस्ता बंद म्हणजे मी व्हॅन लावू कुठे? रविवारीच तर लोकांचे नळ फुटतात."

"तुझ्या व्हॅनला एक दिवस जागा नाही म्हणून माझ्या नवऱ्यानं खिडकीतून मित्राला निरोप द्यायचा?"

"अर्नीकाकाला मी उचलून नेतो की. पाठुंगळीला घेतो. दोन मिनिटांचं काम."

"त्याला पाय आहेत, केव. तुझ्या आजीनं जे केलं तेच तू करतोयस. वरून खिडकीत उभी राहून ती म्हणाली होती, आमचा आकडा आमच्यापुरता. तू खाली रस्त्यावर झोपून म्हणतोयस, एवढाच फरक."

केव व्हॅनखालून बाहेर आला नाही. थेल्मा घरी आली, तळघरातून टेकूची काठी ओढून काढली आणि अर्नीसमोर भिंतीला उभी केली.

"ही कशाला?" अर्नीनं विचारलं.

"सोमवारसाठी. त्यांचा रविवार त्यांनाच लखलाभ. सोमवार माझा आहे, आणि त्यासाठी मी कधी कुणापुढे हात पसरला नव्हता."

मग ती दारोदार गेली. सोमवारी बरीचशी मंडळी कामावर गाड्या घेऊन जातात, रस्ता निम्मा मोकळाच असतो. राहिलेल्या गाड्या कोपऱ्यापलीकडे लावायला तिनं सांगितलं. विनंती केली म्हणवत नाही. तीन नंबरच्या पोलिश बाईनं पलंगपोस दिले, मीरपूरच्या रझियानं सगळ्या घरादाराच्या चादरी काढून दिल्या आणि विचारलं, "चाची, धुतलेल्याच पुन्हा धुवू?" थेल्मानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की रझियानं मुकाट्यानं बादली भरली. ऑस्बर्टच्या मुलीनं बापाच्या भिंतीवरच्या आकड्याचा रंग सुरीनं खरवडला. खालचं लोखंड शाबूत होतं.

सोमवारी वारा चांगला होता. लोक कामावर निघून गेल्यावर थेल्मानं आपल्या आकड्यापासून ऑस्बर्टच्या आकड्यापर्यंत दोरी ताणली, तशाच गल्लीच्या दोन्ही टोकांनाही, आणि बघता बघता अल्मा स्ट्रीट पांढरी, पिवळी, फुलाफुलांची झाली. सिग्नल चुकवणारी पहिली गाडी आली आणि रझियाच्या चादरीसमोर करकचून थांबली. मागे दुसरी, तिसरी. भोंगे सुरू झाले. सुटाबुटातला एक गृहस्थ उतरला आणि चादर वर उचलायला पुढे आला.

"हात धुतलेस?" थेल्मानं विचारलं.

त्यानं हात असे मागे घेतले जणू आईनंच विचारलं. काहीतरी पुटपुटला, आणि गाडी मागे घेत घेत निघून गेला.

कुणीतरी नगरपालिकेला फोन लावला असणार. जेमा सायकल हातात धरून, चादरीखालून वाकून आत आली. "मिसेस ओल्डरॉइड, असा रस्ता बंद करता येत नाही हो."

"मी कुठे बंद केलाय? कपडे वाळतायत. वाळले की काढीन."

"किती वेळ लागेल?"

"ते वाऱ्याला विचार."

जेमानं आजूबाजूला पाहिलं. पोरं मधोमध चेंडू खेळत होती. तीन नंबरची बाई खुर्ची बाहेर टाकून बटाटे सोलत होती. जेमानं सायकल भिंतीला लावली, हेल्मेट काढलं आणि बराच वेळ खिशात वाजणारा फोन बंद करून टाकला. तिची नोकरी होती, तिनं एवढं केलं हे काही कमी नाही.

मग अर्नी बाहेर आला. टाय लावलेला, कोटाला कडक इस्त्री, चांगल्या हातानं स्वतः मारलेली. त्यानं उंबऱ्यावरून वॉकर खाली ठेवला आणि निघाला. थेल्मा बाजूला उभी राहिली. हात द्यायचा नाही हे ठरलेलं होतं, आणि आयुष्यात हात न देण्याएवढं अवघड काम तिनं दुसरं केलं नव्हतं. वॉकर पुढे, मग चांगला पाय, मग ओढत आणलेला दुसरा. थांबणं. दम. समोर दारात ऑस्बर्ट चाकांच्या खुर्चीत, मांडीवर डॉमिनोची पेटी घेऊन बसलेला.

अर्नी मधोमध पोचला आणि थेंब पडायला लागले.

क्षणात गल्लीतल्या सगळ्या बायका धावल्या. विचार करून नव्हे. पाऊस आला की धुण्याकडे धावायचं हे अंगातच होतं, आणि जिला ते ठाऊक नव्हतं ती इतरांना पाहून धावली. कोपऱ्यावर, चादरीपलीकडे, दुपारच्या जेवणाला परतलेला केव व्हॅन उभी करून भोंगा वाजवत होता. तोही दार उघडं टाकून धावत आला आणि थेल्माच्या पलंगपोसाच्या चिमट्याला हात घातला. त्याच्या मागे चार गाड्या तशाच टपून होत्या. दोरी खाली आली असती तर त्या आत घुसल्या असत्या.

"खबरदार!" थेल्मा ओरडली. "चिमट्याला हात लावाल तर!"

"मावशी, भिजतंय की सगळं!"

"भिजू दे!"

रझिया चादरीचं टोक हातात धरून गोठली. जुन्या बायकांपैकी एक-दोघींनी तोंडाला हात लावला. थेल्मा ओल्डरॉइडचं धुणं, पावसात, भर दिवसा, तिच्याच तोंडानं! जिची सासू धुण्यावर एक थेंब पडला तर आठवडाभर बोलत नसे, ती बाई उघड्या डोक्यानं पावसात उभी राहून म्हणत होती, भिजू दे. लाज तिला वाटत होती, नाही असं नाही. चेहरा लालेलाल झाला होता. पण ती जागची हलली नाही.

पाऊस वाढला. कापड जड झालं, मधली दोरी झोळ खाऊन खाली आली, आणि टेकूची काठी ओल्या दगडावरून सरकायला लागली. ती पडली असती तर दोरी तुटून सगळं धुणं अर्नीच्याच अंगावर आलं असतं. थेल्मा धावली, पण तिच्या आधी केवनं काठी पकडली. दोन्ही हातांनी धरली, पाय रोवले आणि उभा राहिला. आजीच्या काळची ती काठी धरून, कपाळावरून पाणी निथळत.

मागच्या गाडीवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अरे, काढ ना ते फडकं!"

"दिसत नाही का रे, माणूस चाललाय ते?" केव ओरडला. "गप बस नाहीतर मी येतो तिकडे!"

अर्नीनं कुणाकडेच पाहिलं नाही. वॉकर, चांगला पाय, दुसरा पाय. समोरच्या फुटपाथच्या कडेपाशी तो बराच वेळ थांबला. तेवढी एक उंची चढायची होती. थेल्माचे ओठ हलत होते. पुढे कुणी विचारलं तर ती म्हणते शिव्या देत होते. वॉकर वर गेला. चांगला पाय वर गेला. मग दुसरा पाय, आधी टाच अडकली, आणि मग तोही वर गेला.

ऑस्बर्टनं खुर्चीतून मान वर करून टायपासून बुटांपर्यंत भिजलेल्या मित्राकडे पाहिलं. "काय रे, दोन वर्षं उशीर?"

"रस्त्यात," अर्नी धापा टाकत म्हणाला, "गर्दी होती."

दोघं आत गेले. दार लागलं. गल्लीत नुसता पाऊस आणि चादरींवरून ओघळणारं पाणी. मागच्या गाड्या एकेक करून मागे फिरत होत्या.

"मावशी, हात भरून आले," केव हळूच म्हणाला. "आता काढू का गं?"

"थांब."

ती कान देऊन उभी राहिली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग समोरच्या घरातून डॉमिनोची सोंगटी टेबलावर आपटल्याचा आवाज आला, असा खणखणीत, की शेजाऱ्यानं सवयीनं भिंत ठोकली.

"आता काढ," थेल्मा म्हणाली.